दोरीनं मोजलेला हत्ती

चंद्रपूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला वाघाचं नवल उरत नाही. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात वाघ म्हणजे गोठ्याचं दार, सरपणाला निघायची वेळ आणि उन्हाळ्यात अंगणात खाट टाकायची की नाही यावरून घरोघरी होणारी भांडणं. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटेच्या थंडीत जिप्सीत बसायला लोक पुण्या-मुंबईहून पैसे मोजून येतात, याचं आम्हाला हसूच यायचं. हत्तीचं तसं नव्हतं. तो दोन-चार वर्षांतून एकदा, साधूबाबाच्या मागं, कपाळावर रंगीत नक्षी काढून गावात यायचा. आई सुपात तांदूळ घेऊन दाराशी उभी राहायची आणि आम्ही पोरं तिच्या पदरामागं. वनरक्षक झाले तेव्हा हत्तीशी माझी ओळख एवढीच होती.

नेमणुकीचा आदेश निघाला गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा वनविभागातल्या कमलापूरचा. बाबांनी नकाशा उघडला नाही, त्यांना रस्ता तोंडपाठ होता: बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टीजवळ वैनगंगा ओलांडायची, मग आलापल्ली, आणि तिथून पुन्हा सिरोंचा रस्त्यानं रेपनपल्लीपर्यंत जाऊन आत वळायचं. आईनं एकच विचारलं, "तिथं पोलिसांशिवाय कोणी जाते काय?" तिचंही चूक नव्हतं. १९८४ साली नक्षलवाद्यांच्या पुढाकारानं भरवायच्या अधिवेशनामुळं कमलापूरचं नाव पहिल्यांदा पेपरात गाजलं, आणि पुढं कितीतरी वर्षं ते नाव त्याच बातम्यांत येत राहिलं. हत्तींसाठी लोक तिथं येऊ लागले ते फार नंतर.

हत्ती तिथं मुळात कोणी बघावेत म्हणून आणलेले नव्हतेच. ते कामगार होते. आलापल्लीचं सागवान देशभर नावाजलेलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली इथलंच सागवान गेलं, तेव्हा इतरांना ते नव्यानं कळलं. या जंगलात तोडलेले ओंडके नाल्याखोऱ्यांतून ओढून रस्त्यापर्यंत आणायचे तर ट्रक पोचायचा नाही आणि बैल पुरायचे नाहीत. म्हणून वनविभागानं हत्ती ठेवले, त्यांच्यासाठी माहूत आणि चाराकटर नेमले. पुढं यंत्रं आली, तोडीचे नियम बदलले, ओढकाम संपलं. हत्ती राहिले. कमलापूरच्या तलावाकाठी त्यांचा कॅम्प झाला, त्यांना पिल्लं झाली आणि राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प म्हणून पाटी लागली. मी गेले तेव्हा बसंती, मंगला, रूपा, अजित ही नावं गावातल्या पोरांच्या तोंडी होती. अजित कुठं चरतोय हे दुकानात मीठ आणायला गेलं तरी कळायचं.

पहिल्या सकाळी मी कॅम्पवर पोचले तर हत्ती नव्हतेच. चूल पेटलेली, मोठ्या भांड्यात तांदूळ शिजतोय, गूळ फोडून ठेवलेला, आणि हत्ती गायब. एका वयस्क माहुतानं माझ्या चेहऱ्याकडं बघून सांगितलं, "रातभर जंगलात राहते मॅडम. आता आनाले जाऊ." संध्याकाळी हत्तींना जंगलात सोडायचं, पायात लांब साखळी ठेवायची, आणि सकाळी शोधून आणायचं, असा तिथला रोजचा क्रम. हत्ती दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा खातो आणि त्यातलं निम्म्याहून कमी त्याच्या अंगी लागतं, म्हणून तो जवळजवळ सगळा वेळ खातच असतो. एवढं खाणं दावणीला कोण पुरवणार? जंगलच पुरवतं. बांबू, गवत, वडा-पिंपळाच्या फांद्या, झाडांच्या साली.

साखळीनं मातीवर उमटवलेली रेघ धरून आम्ही चालायचो. माहूत पुढं, मी मागं, हातात वायरलेस. रेघ नाल्यात उतरली की हरवायची, मग शेण बघायचं. शेणात हात घालून ऊब पाहायची, हे प्रशिक्षणातही सांगितलं होतं, पण तिथं ते वहीत लिहून घेण्यापुरतं. इथं माहूत शेण फोडून सांगायचा, की बांबू खाल्ला आहे, म्हणजे खालच्या अंगाला गेली असेल, वर बांबू नाही. आणि तसंच निघायचं. एवढा अवाढव्य प्राणी वीस पावलांवर उभा असून दिसत नाही, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला पटणार नाही. ऐकू येतो तो आधी. फांदी मोडल्याचा आवाज, मग पोटातली घरघर, मग कान हलल्याचा. त्या आवाजांत हा आपला आणि हा परका हे माहुताला कळतं. मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जवळ जायची पद्धत त्यानंच शिकवली. मागून जायचं नाही. वाऱ्याच्या बाजूनं जायचं, म्हणजे आपला वास आधी पोचतो. बोलत जायचं, काहीही बोललं तरी चालतं. "तिले आधी माहीत पडू द्या का कोन येऊन रायलं. मग ते ठरवते." ठरवते ती, हे त्याच्या बोलण्यात इतकं सहज होतं की मला पहिल्यांदा जाणवलंही नाही. सोंडेचं टोक माझ्या गणवेशाच्या खिशापाशी आलं, ओलसर, आशियाई हत्तीच्या सोंडेला एकच बोट असतं, आणि त्या बोटानं तिनं खिशाचं बटण चाचपलं. मग हात, मग मनगटावरचं घड्याळ. मी श्वास रोखून उभी. माहूत म्हणाला, "बोला ना मॅडम, चूप काहून झाल्या?" मी तिला माझं नाव, गाव आणि बीट सांगितलं. पुढं बरीच वर्षं कॅम्पवरचे लोक मला त्यावरून चिडवायचे.

हिवाळ्यात कमलापूरचे हत्ती रजेवर जातात. खरीच रजा, दहा दिवसांची. त्या काळात पर्यटकांना कॅम्प बंद आणि हत्तींच्या पायांचं चोपिंग चालतं. ज्यांना हत्ती जवळून बघायची हौस आहे त्यांनी खरं तर हे बघायला हवं, पण नेमकं तेव्हाच ते बंद असतं, आणि ते बरोबरच आहे.

हत्तीच्या पायाचा तळवा आपल्याला वाटतो तसा खुरासारखा टणक नसतो. बाहेरून जाड कातडी आणि आत चरबी-तंतूंची गादी. हाडं त्या गादीवर बोटांवर उभं राहिल्यासारखी टेकलेली. तीन-चार टनांचं धूड या गादीमुळंच आवाज न करता चालतं. पण याच तळव्याला भेगा पडतात, भेगेत खडा जातो, ओल राहते, पू होतो. माणसाळलेल्या हत्तींचं सगळ्यात मोठं दुखणं जगभर हेच आहे, पाय. उभं राहता येईना झालं की हत्ती संपला. म्हणून चोपिंग.

चोपिंगच्या आदल्या दिवसापासून औषधं कुटायला घेतात. चाळीसच्या वर जिन्नस असतात असं माहूत सांगायचे. मला त्यातले हिरडा, बेहडा, सुंठ एवढेच नक्की ओळखू आले, बाकी मुळ्या आणि साली. सगळं मोठ्या भांड्यात शिजत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीभोवती हत्ती उभे. मंगलाला माहुतानं पाय उचलायला सांगितलं, तिनं मागचा पाय दुमडून वर केला, एखादी म्हातारी चप्पल काढायला पाय वर करते तसा. मी जवळ बसून बघितलं. तळव्यावर भेगांचं जाळं, प्रत्येक हत्तीचं वेगळं. चाराकटरनं आधी काडीनं भेगेतले खडे काढले, मग पाण्यानं धुतलं, मग गरम काढ्यात बुडवलेल्या फडक्यानं चोपायला सुरुवात केली. चटका बसला की ती पाय किंचित मागं घ्यायची. ओढायची नाही, नुसता मागं घ्यायची. तो थांबायचा, काढा हातावर घेऊन बघायचा, फुंकायचा, पुन्हा लावायचा. चारही पाय व्हायला बराच वेळ लागतो. त्या वेळात कोणी फारसं बोलत नव्हतं, फक्त एकदा चाराकटर नखाकडं बोट दाखवून म्हणाला, "पुढं पाच, मागं चार. मोजा." मी मोजली. बरोबर होती.

त्याच दिवसांत मला दोरीचा हिशेब शिकवला गेला. पुढच्या पायाचा घेर दोरीनं घ्यायचा, ती लांबी दुप्पट करायची, ती साधारण हत्तीची खांद्यापर्यंतची उंची येते. माहुतानं दोरी मंगलाच्या पायाभोवती गुंडाळली, गाठ मारली, मग ती दुहेरी उलगडून तिच्या खांद्याशी धरली. बोटभराचा फरक. मला वाटलं जादू आहे. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "पावलाच्या ठशावरून बी येते," तो म्हणाला. "ठशाच्या कडेनं दोरी टाका. पिल्लू हाय का मोठा, समजते." तेव्हा या माहितीचा मला काय उपयोग, असं मनात आलं होतं. कमलापूरच्या हत्तींची उंची तर फायलीत लिहिलेलीच होती.

पिल्लांबद्दल लिहायचं टाळता येत नाही. २०२० साली आदित्य गेला, दुसऱ्या वर्षी सई. हत्तिणीच्या पोटात पिल्लू वाढायला बावीस महिने लागतात, आणि ते एका दिवसात जातं. हत्तींमध्ये एक नागिणीच्या जातकुळीतला विषाणू असतो, ईईएचव्ही म्हणतात. मोठ्या हत्तींच्या अंगात तो काही न करता पडून राहतो, पण एक ते आठ वर्षांच्या पिल्लांत उसळला तर रक्तवाहिन्या फुटतात, जीभ निळी पडते आणि चोवीस तासांच्या आत खेळ आटोपतो. सईच्या वेळी याच रोगाचा संशय घेतला गेला. औषधं आहेत, पण रक्ततपासणीत तो लवकर सापडला तरच. आलापल्लीच्या पुढचा पावसाळा ज्यानं पाहिलाय त्याला 'लवकर' या शब्दाबद्दल वेगळं सांगायला नको. नाल्याला पूर आला की डॉक्टर पलीकडच्या काठावर आणि आम्ही अलीकडं. पिल्लू गेल्यावर हत्तिणी त्या जागेवरून हलत नाहीत हे ऐकून होते. माहूतही हलत नाहीत, हे तिथं कळलं. त्यांची जेवणं दोन दिवस तशीच झाकून राहिली.

शनिवार-रविवारी मात्र कॅम्प म्हणजे जत्रा. चंद्रपूर, गडचिरोली, आणि प्राणहितेपलीकडून तेलंगणाच्या गाड्या. माझं काम दोरीच्या अलीकडं लोकांना ठेवणं. बिस्किटं देऊ नका, केळीचा घड सोंडेसमोर नाचवू नका, पोराला हत्तीच्या पायाशी उभं करून फोटो काढू नका. एका गृहस्थांनी मला समजावलं होतं, "अहो मॅडम, पाळलेलाच आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा नियम दाखवून दिलं. आजही ते नीट देता येईल असं वाटत नाही. पाळलेला म्हणजे काय? तो रात्रभर जंगलात असतो, सकाळी परत येतो, कारण कोणीतरी त्याला शोधायला जातं आणि त्या माणसाचा आवाज त्याला मान्य आहे. तो आवाज पर्यटकाचा नसतो.

माझी भाची नागपूरला शिकते. ती मला मोबाईलवर चीनमधल्या पांडांचे व्हिडिओ पाठवायची. चेंगडूचं पांडा केंद्र १९८७ सालचं, तिथं काचेपलीकडं बांबू चावत बसलेले पांडा आणि अलीकडं हजारोंची गर्दी. तिला वाटायचं आमचा कॅम्प तसाच. मी त्यावर बरंच वाचलं, कुतूहलानंच. एक गोष्ट मनात बसली. वोलोंगच्या केंद्रात जी पिल्लं पुढं जंगलात सोडायची असतात, त्यांच्याजवळ जाताना कर्मचारी पांडाचा काळा-पांढरा झगा घालतात आणि त्याला पांडाच्या मूत्राचा वास लावतात, म्हणजे पिल्लाला माणूस असा कळूच नये. जवळ जायचं, पण लपून. आमच्याकडं बरोब्बर उलट, बोलत जायचं, नाव सांगायचं. दोन्ही बरोबर आहे. प्राणी पुढं कुठं राहणार, यावर ते ठरतं. आणि १९८४ नंतर चीन परदेशांना पांडा भेट देत नाही, उसना देतो, परदेशात जन्मलेलं पिल्लूही चीनचंच, हेही वाचलं. २०२२ साली ते मला फार आठवलं.

त्या वर्षी राज्यातले हत्ती गुजरातला, जामनगरच्या केंद्रात पाठवायचं ठरलं. ताडोब्यातल्या बोटेझरीचे गेले, आलापल्लीजवळच्या पातानीलचेही गेले. कमलापूरचे जाणार म्हटल्यावर गाव उठलं. निवेदनं, मोर्चे, पेपरांत रोज मजकूर, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही विषय गेला. कमलापूरचे हत्ती राहिले. २०२५ मध्ये कोल्हापूरकडं नांदणी मठाच्या हत्तिणीच्या अशाच स्थलांतरावरून जे पेटलं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. आमचं त्याआधीचं, आणि लहान गावाचं.

मी सरकारी नोकर, मोर्चात नव्हते. पण मत होतं आणि ते सोपं नव्हतं. मोठ्या केंद्रात दवाखाना असतो, तपासणीची सोय असते. दोन पिल्लं डोळ्यांसमोर गेलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. दुसऱ्या बाजूला बसंतीचं पोट कधी बिघडलंय हे तिच्या उभं राहण्यावरून ओळखणारा माणूस गाडीत चढवून नेता येत नाही. त्याचं घर इथं, बोली इथली, आणि ज्या जंगलात तो रेघ शोधतो तेही इथलंच. गावकरी म्हणत, हत्ती आमचे. मी मनात म्हणायचे, आमचे म्हणजे नेमके कोणाचे, दुकानदाराचे की माहुताचे? पर्यटनावर चार टपऱ्या चालत होत्या, त्यांचाही आवाज मोर्चात होता. त्यात वाईट काही नाही. पण रजेच्या दहा दिवसांत कॅम्प बंद का ठेवता, म्हणून भांडणारेही त्यांतलेच होते.

याच सुमारास माझी बदली झाली याच जिल्ह्यातल्या वडसा वनविभागात. आणि तिथं हत्ती आधीच येऊन बसले होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशाकडून छत्तीसगड ओलांडून वीस-पंचवीस रानटी हत्तींचा कळप धानोरा तालुक्यातून गडचिरोलीत शिरला. महाराष्ट्राला रानटी हत्ती माहीत होते ते तळकोकणात, दोडामार्गकडं, कर्नाटकातून उतरलेले. विदर्भातल्या हयात माणसांत कोणी पाहिलेले नव्हते. कळप कुरखेड्याकडं, पुढं गोंदिया जिल्ह्यात, पुन्हा मागं, असा फिरत राहिला. झाडीपट्टीत तो नेमका धानाच्या हंगामात आला. उभं धान तुडवलं गेलं, बांधीत रचलेले पुंजणे विस्कटले, घरात साठवलेल्या तांदळाच्या आणि मोहफुलाच्या वासानं भिंती पाडल्या गेल्या. माणसं दगावली.

सुरुवातीला लोक पाया पडायचे. शेतात उमटलेल्या पावलाच्या ठशावर हळद-कुंकू वाहिलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि त्याच बांधीतलं धान भुईसपाट झालेलं होतं. बाईनं ठशाला नमस्कार केला आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "पंचनामा कधी करता?" मी तिथंच खिशातून दोरी काढली. ठशाच्या कडेनं टाकली, गाठ मारली, दुप्पट केली. मोठी मादी असावी. शेजारचा ठसा माझ्या ताटाएवढाही नव्हता. पिल्लू बरोबर आहे म्हणजे कळप भडकायला वेळ लागणार नाही. त्या संध्याकाळी आम्ही गावातल्या त्या टोकाची घरं रिकामी करून लोकांना शाळेत आणलं. कळप रात्री दुसऱ्याच बाजूनं गेला, पण दोरीनं सांगितलेलं चुकीचं नव्हतं, पिल्लं होती, सकाळी नाल्याच्या रेतीत स्पष्ट दिसली.

बंगालमधून हुल्ला पार्टी, म्हणजे रानटी हत्तींच्या कळपांवर काम करणारी माणसं, आली. त्यांचं काम बघण्यासारखं. कळप आणि गाव यांच्यामध्ये राहायचं, हाकलायचं नाही, वाट मोकळी ठेवायची. आमच्याकडच्या लोकांना हाकलणं हाच उपाय वाटतो, वाघालाही आणि डुकरालाही. फटाके, डबे, मशाली, शंभर पोरं ओरडत पळतायत. हत्तीच्या कळपाला चारी बाजूंनी आवाज आला की तो पळून जात नाही, आवाजावरच येतो. हे बोलून पटत नाही. आम्ही गाडीवर भोंगा लावून गावोगाव सांगायचो: रात्री शेतात जाऊ नका, मोहफुलं घरात साठवू नका, हत्ती दिसला तर लांब राहा, मोबाईल काढू नका. भोंगा पुढं गेला की मागं पोरं मोटारसायकली काढायची.

या पोरांतल्या कित्येकांच्या मोबाईलवर कमलापूरचे फोटो होते. सहल झालेली, रूपाच्या सोंडेला हात लावलेला. एकानं मला दाखवलासुद्धा. "मॅडम, हत्ती काही करत नाही. आपण प्रेमानं गेलो तर." माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड क्षण कोणता असं कोणी विचारलं तर मी रात्रीची गस्त सांगणार नाही, हा सांगेन. कारण तो फोटो खरा होता. त्या हत्तिणीनं खरंच काही केलं नव्हतं. तिनं सोंडेला हात लावू दिला होता, कारण दोन पावलांवर तिचा माणूस उभा होता, आणि तो फोटोच्या चौकटीबाहेर राहिला होता. आम्ही वनखात्यानंच वर्षानुवर्षं लोकांना हत्ती जवळून दाखवला, आणि आता त्याच जिल्ह्यात तेच खातं भोंग्यावरून लांब राहा म्हणून सांगत होतं. लोकांनी यातलं कोणतं ऐकायचं?

२०२४ च्या एप्रिलमध्ये कळपातून फुटलेला एक नर प्राणहिता ओलांडून तेलंगणात आसिफाबाद जिल्ह्यात गेला आणि तिथं दोन दिवसांत दोन शेतकरी मारले गेले. त्या भागात हत्ती कधी येतच नव्हता. ही बातमी आमच्या गावांत भोंग्यापेक्षा जास्त बोलली गेली, पण उलटी. आमच्याकडं तर बरा वागत होता, असं लोक म्हणू लागले.

मग एकदा कमलापूरचे ते वयस्क माहूत नातलगांकडच्या लग्नाला कुरखेड्याकडं आले. निवृत्त झालेले. मला फोन केला, मी मोटारसायकल घेऊन गेले. कळप त्या दिवशी जवळच्याच जंगलात होता, ही बातमी लग्नघरी पोचलेली. कमलापूरचा माहूत आलाय म्हटल्यावर मांडवातली अर्धी माणसं त्यांच्याभोवती. तुम्ही चला, तुम्ही बोलला तर ऐकतील, त्यांना परत जायला सांगा. एक म्हातारी तर हात धरून मागं लागली. काकांनी नकार दिला नाही. म्हणाले, चला बघू.

आम्ही डांबरी रस्त्यावर थांबलो. खाली बांधी, पलीकडं झुडपी जंगल. त्यांनी रस्त्याच्या कडेचा ठसा बघितला, शेण बघितलं, नाक वर करून थोडा वेळ उभे राहिले. वारा आमच्याकडून जंगलाकडं होता. आतून फांदी मोडल्याचा आवाज आला. माझ्याजवळची पोरं एक पाऊल पुढं सरकली, हातात मोबाईल. काका दोन पावलं मागं आले आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून मला म्हणाले, "गाडी वळवा मॅडम."

पोरांना हसू आलं. एकजण म्हणाला, "काका, तुम्ही घाबरता?"

"घाबरतो ना," काका म्हणाले. "माझी मंगला मले ओळखते, लहानपणापासून. हे कोन ओळखते मले?"

पोरं आधी हसली, मग एकेक करून मागं फिरली. मी वर्षभर भोंग्यावर जे सांगत होते ते त्या दिवशी पंधरा मिनिटांत झालं, आणि मला त्याचा थोडा रागही आला. नंतर वरिष्ठांना सुचवलं, की निवृत्त माहुतांना मानधनावर गावांत बोलवावं, सभेत नाही, चावडीवर, लग्नात, बाजारात. त्यांनी प्रस्ताव द्या म्हटलं. दिला आहे.

त्या गावातली पोरं त्या हंगामात तरी कळपाच्या मागं गेली नाहीत. पुढच्या दिवाळीत धान कापणीला आलं, कळप परत आला आणि शेजारच्या गावची पोरं निघाली, ज्यांनी काकांना पाहिलेलं नव्हतं. आम्ही भोंगा लावून त्यांच्या मागं.